नाव आकाराचं की जागेचं?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात मी लिहून गेलो, "केसिंगला ओजी शोभते, स्कर्टिंगला नाही." वाक्य एवढंच. त्यावर या महिन्यात पत्रांचा ढीग पडलाय. ओजी म्हणजे काय, केसिंग म्हणजे काय, आणि एकाला एक शोभते म्हणजे ही दोन्ही पट्ट्यांचीच नावं ना, मग एकीवर दुसरी कशी बसवायची? पत्रं वाचून हसू आलं, आणि नंतर वाटलं की चूक माझीच. मी सव्वीस वर्षं मोल्डिंगच्या, म्हणजे भिंती-दारांच्या कडांना लावायच्या आकार दिलेल्या पट्ट्यांच्या, कारखान्यात पाती घासली. मशिनमधून पट्टी ज्या आकाराची बाहेर पडते, त्याच्या उलट आकाराची धार पोलादावर काढायची, हे माझं काम. त्यामुळे ही नावं माझ्या तोंडात इतकी बसलीत की ती समोरच्याला परकी असतील हे लक्षातच येत नाही. या वेळी सगळी जागा या पत्रांनाच.

प्रश्न : काका, दुकानात एकाच पट्टीला एकाने कोव्ह म्हटलं, दुसऱ्याने कॉर्निस आणि तिसऱ्याने क्राउन. खरं नाव कोणतं?

तिघंही बरोबर असू शकतात. घोळ असा आहे की मोल्डिंगची नावं दोन वेगळ्या घराण्यांतून येतात. काही नावं जागेची आहेत आणि काही आकाराची. जागेची नावं पट्टी कुठे बसते ते सांगतात. भिंत आणि जमीन मिळते तिथे स्कर्टिंग (बेसबोर्ड म्हणतात तेही तेच). भिंत आणि छत मिळतं तिथे कॉर्निस किंवा क्राउन. दाराची चौकट आणि भिंत यांच्यामधली फट झाकायला केसिंग, त्यालाच आर्किट्रेव्ह. खुर्चीची पाठ भिंतीवर घासू नये म्हणून त्या उंचीला चेअर रेल. यातल्या एकाही नावावरून पट्टीचा आकार कळत नाही. सपाट फळीचं केसिंग असतं, तसं नक्षीदारही असतं.

आकाराची नावं म्हणजे पट्टी आडवी कापली तर तोंडावर जी रेघ दिसते तिची. आत गेलेला पाव गोल तो कोव्ह. बाहेर आलेला पाव गोल तो ओव्होलो. बारीक अर्धगोल म्हणजे बीड, तोच मोठा आणि जाडजूड झाला की टोरस. दोन वळणांच्या मधे जी सपाट, अरुंद पायरी असते ती फिलेट. आणि आधी आत, मग बाहेर, असं एस अक्षरासारखं दुहेरी वळण म्हणजे ओजी.

तुमच्या हातात होती ती कोव्ह आकाराची, कॉर्निसच्या जागेची पट्टी. हे एकदा डोक्यात बसलं की दुकानात निम्मा वाद होत नाही.

नावं पाठ करू नका. एखादा तुकडा हातात घ्या, डोळे मिटा आणि बोटाचं पेर जाड कडेकडून पातळ कडेकडे सावकाश आडवं फिरवा. बोट घसरत खाली गेलं, मग एका बारीक पायरीवर अडलं, मग उंचवट्यावर चढलं. म्हणजे कोव्ह, फिलेट, बीड. डोळ्यांना ती पायरी बऱ्याचदा दिसत नाही, बोटाला लागते. मी पातं मशिनवर चढवल्यावर निघालेली पहिली पट्टी अशीच तपासायचो, व्हर्निअर (बारीक माप घ्यायचं साधन) नंतर.

प्रश्न : मी इंटिरिअरच्या दुसऱ्या वर्षाला आहे (मला अरेतुरे केलंत तरी चालेल). ओजी सरळ आणि ओजी उलटी असं काही असतं का? आणि हे सगळे आकार आले कुठून?

असतं, आणि त्याची किंमत मी मोजलेली आहे, म्हणून तुला सविस्तर सांगतो.

ओजीची जी कड सगळ्यात पुढे आलेली आहे तिच्याकडे बघ. त्या कडेजवळ वळण खोलगट असेल तर ती सायमा रेक्टा. त्याच कडेजवळ फुगीर असेल तर सायमा रिव्हर्सा. दोन्ही ओजीच. एकदा एका ग्राहकाचा फोन आला, "जुन्या घराच्या चौकटींना जोड लावायचाय, केसिंग, रुंदी ७० मिलिमीटर, ओजी." मी ओजी म्हटल्यावर जी डोळ्यांसमोर आली ती घासली. सायमा रेक्टा. चारशे रनिंग फूट माल काढला. जाग्यावर जुन्या पट्टीशेजारी नवी धरली तर जिथे जुनीचा फुगवटा तिथे नवीचा खड्डा. दोन्ही पट्ट्या एकमेकींना वेडावतायत असं दिसत होतं. तो माल दोन वर्षं रॅकवर पडून होता आणि रोज कामावर जाताना मला दिसायचा. त्यानंतर फोनवरच्या वर्णनावर मी एकही पातं घासलं नाही. वीतभर तुकडा आणा, नाहीतर कापलेल्या तोंडाला पेन्सिल फिरवून कागदावर छाप पाठवा, असं सांगायचो.

आता कुठून आले. मूळ दगडात आहे, ग्रीक आणि रोमन देवळांच्या खांबांत. खांबाच्या बैठकीत दोन जाड टोरस आणि त्यांच्यामधे खोल गेलेला स्कोशिया, ही जोडी तिथली. पुढे सुतारांनी तीच नावं लाकडावर आणली. दोघांत फरक एवढा की रोमन वळणं कंपासने काढता येतात, ती वर्तुळाचे तुकडे असतात. ग्रीक वळणं लंबवर्तुळाच्या जातीची, एका टोकाला झटकन वळणारी आणि पुढे सैल होत जाणारी. मला विचारशील तर ग्रीक वळण घासायला त्रासाचं, पण भिंतीवर जिवंत दिसतं. रोमन कधीकधी पाइप चिरून लावल्यासारखं वाटतं.

आणि एक प्रयोग कर. एकाच रंगाच्या दोन पट्ट्या घे, एक कोव्हची, एक ओव्होलोची. खोली अंधारी करून टॉर्च वरून तिरकी धर. कोव्हवर वर सावली आणि खाली उजेड, ओव्होलोवर नेमकं उलट. मधे फिलेट असेल तर तिथे एक काळी, धारदार रेघ उमटते. आपण लाकडात आकार कोरतो, पण खोलीत दिसते ती सावली. म्हणून उंचावरच्या कॉर्निसला मोठी, ठसठशीत वळणं लागतात, आणि डोळ्यांसमोरच्या केसिंगला बारीक चालतात. स्कर्टिंगला ओजी शोभत नाही असं मी म्हटलं ते याच कारणाने. पायाशी उजेड वरून येतो, बारीक वळणं सपाट दिसतात आणि वर धूळ बसते ती वेगळीच.

प्रश्न : दारांच्या केसिंगचे कोपरे बसवले तेव्हा केस जाईल इतकीही फट नव्हती. चार महिन्यांनी आतल्या बाजूने फटी पडल्या. मिस्त्रींनी काप चुकवला का?

फट आतल्या टोकाला आहे आणि बाहेरचं टोक अजून टेकलेलं आहे, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. मिस्त्री सुटले. लाकूड ओलं होतं.

दोन पट्ट्या पंचेचाळीस अंशांत कापून भिडवणं म्हणजे मायटर. लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. ओल्या लाकडापासून पार कोरडं होईपर्यंत लांबीतला फरक बहुतेक जातींत ०.१ ते ०.२ टक्के. सागवान त्याच प्रवासात खोडातल्या वर्तुळांच्या दिशेने ५.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे २.५ टक्के आकसतं, आणि सागवान हे या बाबतीत गुणी पोर मानलं जातं. आता बघा, पट्टीची लांबी तेवढीच राहिली आणि रुंदी कमी झाली, तर पंचेचाळीसचा काप पंचेचाळीसचा उरत नाही. १०० मिलिमीटरची पट्टी जेमतेम पाऊण मिलिमीटर आकसली, तरी आतल्या टोकाला साधारण एक मिलिमीटरची फट दिसते. उलट लाकूड फुगलं असतं तर फट बाहेरच्या टोकाला आली असती. म्हणजे फटीची जागा बघूनच लाकूड ओलं लावलं की फार सुकं लावलं हे कळतं.

उपाय: माल आणल्याबरोबर ठोकू नका. त्याच खोलीत, आडवा, मधे चिपा ठेवून, तीन-चार दिवस तरी उघडा राहू द्या. मालच अर्धा ओला असेल तर तेवढ्यानेही भागणार नाही. ओलावा मोजायचं मीटर मिस्त्रींकडे नसेल तर मालवाल्याकडे असतं, त्याला समोर मोजायला लावा. आत्ताच्या फटी मात्र लगेच भरू नका. लाकूड अजून हलतंय, भरलेली लांबी (पुट्टी) उडून येईल.

स्कर्टिंग आणि कॉर्निसच्या आतल्या कोपऱ्यांना मायटर घालूच नका, कोप करा. पहिली पट्टी सरळ कोपऱ्यात भिडवायची. दुसरीला आधी मायटर कापायचा. त्या कापाच्या कडेला पट्टीचा आकार रेघेसारखा उमटतो. त्यावरून पेन्सिल फिरवायची आणि बारीक पात्याच्या कोपिंग करवतीने त्या रेघेवर कापत जायचं, करवत किंचित मागे झुकवून, म्हणजे पुढची कड तेवढी टेकते आणि मागचं लाकूड आड येत नाही. हे दुसरं तोंड पहिल्या पट्टीच्या अंगावर झाकणासारखं बसतं. भिंत नव्वद अंशांत नसली तरी चालतं, आणि लाकूड थोडं हललं तरी समोरून फट दिसत नाही. पहिला कोप अर्धा तास खाईल. दहावा पाच मिनिटांत होतो.

प्रश्न : क्राउन मोल्डिंग पंचेचाळीसला कापलं तरी कोपरा जुळत नाही. तीन पट्ट्या वाया गेल्या.

चौथी घेण्याआधी हे वाचा. क्राउन भिंतीला चिकटून उभं नसतं, भिंत आणि छत यांच्यामधे तिरकं टेकलेलं असतं. त्याची पाठ भिंतीशी जो कोन करते त्याला स्प्रिंग अँगल म्हणतात. बाजारात ३८ आणि ४५ अंशांचे प्रकार जास्त. तुम्ही तिरकी राहणारी पट्टी टेबलावर पालथी पाडून पंचेचाळीसला कापलीत, कोपरा कसा जुळणार?

सोपी रीत अशी. करवतीच्या मशिनचं टेबल म्हणजे छत आणि मागचा उभा आधार म्हणजे भिंत समजा. पट्टी उलटी करून, छताकडची कड खाली टेबलावर आणि भिंतीकडची कड आधाराला टेकवून, जशी बसणार तशीच तिरकी धरा. मग साधा ४५ चा काप. पट्टी उलटी आहे म्हणून डावं-उजवंही उलटं होतं, तेवढं आधी रद्दी तुकड्यावर करून बघा. पट्टी रुंद असेल आणि उभी मावत नसेल तर आडवी पाडूनच कापावी लागते, आणि तेव्हा पातं बाजूलाही वळवायचं (तो मायटर) आणि कलतंही करायचं (तो बेव्हल). ३८ च्या क्राउनला मायटर ३१.६ आणि बेव्हल ३३.९ अंश, ४५ च्या क्राउनला मायटर ३५.३ आणि बेव्हल ३०. हे आकडे भिंती काटकोनात असतील तरच. त्या बहुतेक नसतात.

प्रश्न : क्वार्टर राउंड आणि शू एकच ना?

नाही. क्वार्टर राउंड हा खरा पाव गोल, उंची आणि रुंदी सारखी. शू उंचीला जास्त, रुंदीला कमी, म्हणून पायाशी नाजूक दिसतो. दोन्हींचं काम स्कर्टिंगच्या खालची फट झाकायचं. खिळा स्कर्टिंगमधे मारा, जमिनीत नाही. लाकडी जमीन हलते, तिला हलू द्यायचं.

प्रश्न : कपाटाच्या दाराचा मधला पॅनल उभा तडकला. सुताराने चारी बाजूंनी भरपूर फेव्हिकॉल भरून "पक्का" केला होता. मग तडकला कसा?

पक्का केला म्हणूनच तडकला. दाराच्या उभ्या पट्ट्या स्टाइल, आडव्या त्या रेल. त्यांच्या आतल्या कडेला खाच मारलेली असते आणि पॅनल त्या खाचेत नुसता बसलेला असावा, डिंकाशिवाय. त्याला रुंदीत थोडी मोकळी जागा हवी. कोरड्या हवेत तो आकसतो, दमट हवेत फुगतो, आणि खाचेच्या आत हे सगळं कुणाला दिसत नाही. तुमचा पॅनल चारी बाजूंनी धरलेला होता. आकसायला जागा मिळेना, तेव्हा जिथे सगळ्यात कमजोर होता तिथे फाटला. मी एकदा असाच दरवाजा दुरुस्तीला घेतला होता. स्टाइल सोडवताना डिंक सुटेना, शेवटी पॅनलच चिरून काढावा लागला. पॅनल प्लायचा किंवा एमडीएफचा असता तर डिंक चालला असता, ते इतकं हलत नाहीत. अख्ख्या लाकडाला नाही.

नवा पॅनल पॉलिश करून मगच चौकटीत बसवायला सांगा. नंतर पॉलिश केलं तर पहिल्या आकसण्यातच कडेला कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ बाहेर येते.

प्रश्न : पॉलिश केल्यावर पट्टीवर आडव्या लाटा दिसायला लागल्या. आधी नव्हत्या.

आधीही होत्या, पॉलिशने चुगली केली. मोल्डर मशिनमधे पातं गोल फिरतं आणि पट्टी पुढे सरकते, त्यामुळे प्रत्येक फेऱ्याला एक उथळ खोबण पडते. पातं मिनिटाला ६,००० फेरे मारतंय आणि पट्टी मिनिटाला ९ मीटर सरकतेय, तर दर दीड मिलिमीटरला एक खूण. हे डोळ्याला गुळगुळीत वाटतं. घाईत वेग दुप्पट केला की खुणा तीन मिलिमीटरवर जातात आणि तिरक्या उजेडात लाटा दिसतात. आता कुणी म्हणेल, कटरला दोन पाती असतात, मग खुणा दुप्पट हव्यात. कागदावर हो. पण दोन्हींतलं एक केसभर तरी पुढे असतंच, आणि शेवटची खूण त्याचीच उरते. इतकी वर्षं घासूनही दोन पाती मला हुबेहूब सारखी काढता आली नाहीत. ज्याला येतात असं तो म्हणतो, त्याची पट्टी मी उजेडात धरून बघतो.

पट्टीच्या आकारात नेमका बसेल असा ठोकळा करून, त्याला पॉलिश पेपर गुंडाळून, लाकडाच्या रेषेच्या दिशेने घासा. कोऱ्या बोटांनी घासलंत तर फिलेटच्या कडा गोल होतील आणि सावलीची रेघ जाईल.

प्रश्न : केसिंगची ऑर्डर देताना माप दाराचं द्यायचं की पट्टीचं? आणि रिव्हील म्हणजे काय?

चौकटीच्या कडेशी केसिंग तंतोतंत जुळवत नाहीत, साधारण ५ मिलिमीटर मागे ठेवतात. ती जी चौकटीची बारीक कड दिसत राहते ती रिव्हील. दोन कडा एका रेषेत आणायला गेलं की अर्ध्या मिलिमीटरची चूकही ओरडून सांगते. मुद्दाम अंतर ठेवलं की तीच चूक कुणाला दिसत नाही.

चौकटीची आतली रुंदी ८०० असेल तर दोन्हीकडचं रिव्हील धरून वरच्या केसिंगचं आतलं माप ८१०. पट्टी ७० रुंद असेल तर बाहेरचं माप ९५०. लांबी मागताना बाहेरचं माप सांगायचं, वर कापायला थोडं जास्तीचं. आणि पट्टी पालथी करून बघा, पाठीला उथळ खोलगट भाग असेल तर तो दोष नाही. भिंत मधे फुगलेली असली तरी केसिंगच्या दोन्ही कडा टेकाव्यात म्हणून तो ठेवलेला असतो.

प्रश्न : सोबत जुन्या कपाटाच्या पट्टीचा तुकडा पाठवतेय. आजोबा म्हणायचे हाताने केलीय. तशीच करून मिळेल?

तुकडा मिळाला. वरून ओव्होलो, फिलेट, आणि खाली कोव्ह. आजोबांचं म्हणणं मला खरं वाटतं. खिडकीत तिरका धरला तर आडव्या लाटा एकही नाहीत. उलट कोव्हच्या पोटातून एक केसासारखी उभी रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलीय. रंध्याच्या पात्याला खांडोळी पडली होती, तिची ती खूण. दोन टोकांना कोव्हची खोली मोजली, पाऊण मिलिमीटरचा फरक आला. मशिनने असा फरक सहसा पडत नाही. रंधायंत्राचं पेटंट विल्यम वुडवर्थ यांनी १८२८ साली अमेरिकेत घेतलं, पण त्यानंतरही कितीतरी वर्षं छोट्या कामांना हातरंधेच वापरात होते. खोलगट आणि फुगीर तळाच्या रंध्यांच्या जोड्या असायच्या, पूर्ण संचात अठरा, म्हणजे छत्तीस रंधे. तेवढ्यांवर वाटेल ते वळण काढता यायचं.

तशी करून मिळेल. मशिनवर करायची तर कुठल्या टोकाचं माप धरायचं ते तुम्हाला ठरवावं लागेल. मी उथळ टोकाचं धरलं असतं, कारण उरलेली पट्टी जागेवरच खोल करता येते, उथळ करता येत नाही. तुकडा परत पाठवतोय. पाठीवर पेन्सिलीने एक बाण आणि चौकटीसारखी खूण आहे. सुताराने पट्टी कुठल्या बाजूला बसायची ते लिहून ठेवलंय. पॉलिशवाल्याला ती पाठ घासू देऊ नका.